न झालेल्या उडीची बातमी

मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दौलताबाद रस्त्यावरच्या एका शाळेच्या मैदानावर होणारी पॅराशूट उडी खराब हवामानामुळे रद्द करण्यात आली. उडी मारणाऱ्या तरुणीला कोणतीही इजा झालेली नाही. प्रेक्षकांपैकी एक जण जखमी झाला. तो मी.

पार्श्वभूमी अशी. मृणाल ही माझी भाची, कन्नड गावच्या मंदाताईची मुलगी. ती विमानातून उड्या मारते. (हौसेखातर नव्हे, रीतसर शिकून, परवाना काढून. आता इतरांनाही शिकवते.) शाळेत असताना ती आमच्याकडे राहायला होती. त्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आला, तेव्हा संस्थाचालकांच्या मनात आलं की माजी विद्यार्थिनी आभाळातून मैदानात उतरली तर किती शोभून दिसेल. मृणालनं एक अट घातली. उडी मारायची की नाही हे त्या दिवशीची हवा बघून ती एकटी ठरवणार, आणि त्यावर चर्चा होणार नाही. अट सगळ्यांनी तत्काळ मान्य केली. आमच्या घराण्यात कोणतीही अट तत्काळ मान्य होते, कारण ती पुढे पाळायची असते असं कोणालाच वाटत नाही.

मी निवृत्त उपसंपादक आहे. या धंद्यात एक सवय लागते. पान लावायची घाई असते, म्हणून ठरलेल्या कार्यक्रमाची बातमी आधीच लिहून ठेवायची. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, पाहुणे बोलले. काय बोलले हे पाहुण्यांना आधी ठाऊक नसलं तरी आपल्याला असतं. नोकरीभर मी अशा बातम्या लिहिल्या आणि एकदाही खुलासा छापायची वेळ आली नाही. ही गोष्ट मी घरी अधूनमधून सांगतो. ('अधूनमधून' या शब्दाला आमच्या पत्नीची हरकत आहे.)

तर मृणालच्या उडीची बातमीही मी आदल्या दिवशी लिहून ठेवली. 'माजी विद्यार्थिनी मृणाल हिने रविवारी विमानातून झेप घेऊन मैदानाच्या मध्यभागी अलगद पाय टेकले. उपस्थितांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ती सुखरूप आहे.' मैदानावर उन्हात मोबाईलची अक्षरं मला दिसत नाहीत, म्हणून सकाळी घरातून निघतानाच ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिली. आम्ही नगर नाका ओलांडायच्या आत अभिनंदनं सुरू झाली. पैठणहून मंदाताईच्या जाऊबाईंनी पेढे घेऊन येत असल्याचं कळवलं.

मैदानावर मंडपाचं काम सलीमभाईंकडे होतं. व्यासपीठ तयार होतं, पण मागे फ्लेक्स लावायला एका बाजूला खांब कमी पडत होता.

"साब, एक खंबा कम पड रा," सलीमभाई म्हणाले. "वो कोने में खडा है ना, वो चलेगा क्या?"

कोपऱ्यात एक उंच लोखंडी खांब होता. त्याच्या टोकाला केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी लटकत होती. मृणालच्या माणसांनी ती आदल्या संध्याकाळी लावली होती. वारा कुठून येतो, किती येतो, हे त्या नळीवरून कळतं. हे मला माहीत होतं. पण नळीचं काम टोकाला आहे आणि आपल्याला खांबाचा मधला भाग लागतोय, असा मी तर्कशुद्ध विचार केला.

"चलेगा," मी म्हणालो.

खांब उपटून व्यासपीठाच्या मागे रोवला. तिथं तो जरा बुटका ठरला, त्यामुळे फ्लेक्स वरपर्यंत गेला आणि नळी त्याच्या मागे दबून बसली. मी मागे जाऊन पाहिलं. नळी निपचित होती. वारा अजिबात नाही, हे मी स्वतः खात्री करून संस्थाचालकांना कळवलं. त्यांनी ते माइकवरून जाहीर केलं.

मृणाल विमानतळावर जाण्याआधी उतरायची जागा बघायला आली. विमान चिकलठाण्याला तिच्या फोनची वाट बघत उभं होतं. तिनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे. तिकडे ढग उतरले होते.

"मामा, किल्ला दिसत नाहीये."

दौलताबादचा किल्ला त्या मैदानावरून एरवी स्पष्ट दिसतो. उत्तर दाजींनी दिलं. दाजी म्हणजे तिचे वडील, कन्नडच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले.

"किल्ला कुठं जातोय? शेकडो वर्षं तिथंच हाय."

"पप्पा, तो तिथं आहे. मला दिसत नाहीये. वरून मैदानही दिसणार नाही."

"घाटात धुकं असलं म्हणून मी कधी जीप थांबवली का? दिवा लावायचा आन् हळू हळू जायचं."

"मी पडत असते, पप्पा. हळू नाही पडता येत."

दाजींनी यावर विचार केला. "मग जरा खालून मार ना. उंची कमी तर धोका कमी."

"उलटं आहे. उंची कमी तर छत्री उघडायला वेळ कमी."

"हे काय मला पटत नाय," दाजी म्हणाले, आणि पटलेल्या माणसासारखे खुर्चीवर जाऊन बसले.

मंदाताईची भूमिका त्या दिवशी अनपेक्षित ठरली. मृणालनं उड्या मारू नयेत म्हणून तिनं आजवर बरेच उपास केले आहेत. पण पैठणच्या जाऊबाई पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि त्यांचा मुलगा परदेशात असल्याचं त्या प्रत्येक भेटीत सांगतात.

"आज मार," मंदाताई हळूच म्हणाली. "उद्यापासून नको मारूस."

"आई, तू तर..."

"व्हय, मीच. पण त्या डबा घेऊन आल्यात. औक्षण करते, मग जा."

तिनं ताम्हनात निरांजन लावलं. ते विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. मग आमच्या माणसांनी जे केलं ते प्रत्येक शुभकार्यात करतात. सगळे मृणालभोवती दाटीनं गोल उभे राहिले. माझ्या पत्नीनं पदर धरला, दाजींनी सत्काराची शाल दोन्ही हातांनी ताणली, मी स्वागताचा फलक आडवा धरला. या तटबंदीत वात पेटली.

"बघ," मी म्हणालो, "वारा कुठाय?"

मृणालनं शालीकडे पाहिलं. ती दाजींच्या हातात शिडासारखी फुगली होती. निरांजन तिसऱ्यांदा विझलं.

"मामा, नळी कुठंय? वाऱ्याची?"

"आहे की. व्यासपीठामागे. मी बघितली, शांत आहे."

ती मागे गेली, फ्लेक्सची कड उचलून नळी पाहिली आणि परत आली. वैमानिकाला फोन लावला. "सर, आज नाही. ढग खाली आहेत, वाराही वाढतोय. विमान बंद करा." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "आज उडी होणार नाही."

जाऊबाईंनी डब्याचं झाकण, जे नुकतंच उघडलं होतं, पुन्हा लावलं.

इथं मी मृणालला बाजूला घेतलं. वयानं मोठा माणूस या नात्यानं तिला धीर द्यायला हवा होता. मी तिला बातमी दाखवली.

"तुम्ही हे कधी टाकलंत?"

"सकाळी."

"सकाळी मी दात घासत होते, मामा."

"ते खरं आहे. पण आता पाठवली गेलीय. आणि तुला माहितीये, आजवर मला एकदाही खुलासा..."

"म्हणजे तुमची बातमी खरी करायला मी त्या ढगातून उडी मारू?"

असं थेट विचारल्यावर उत्तर देणं अवघड असतं. मी म्हणालो, "अगदी तसं नाही. पण सध्या फक्त पहिली दोन वाक्यं चुकतायत."

माझी पत्नी तिथंच होती. ती म्हणाली, "मृणाल, तू यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. गाडीत बस. जिवापेक्षा यांची बातमी मोठी नाही." (आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. माझ्या व्यवसायाबद्दल तिनं जाहीर मत दिल्याचा हा पहिलाच प्रसंग.)

मृणाल हसली. गाडीकडे गेली नाही, माइककडे गेली. आजची उडी रद्द आहे, आणि रद्द करणं हासुद्धा उडीच्या शिक्षणाचा भाग आहे, असं तिनं सांगितलं. मग खुर्च्यांमागे उभ्या असलेल्या मुलांना ती उतरायची पद्धत दाखवू लागली. पाय जुळवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, नजर समोर. मुलं जमिनीवर टुणटुण उड्या मारू लागली.

त्याच वेळी पश्चिमेकडून वावटळ आली.

फ्लेक्सची खालची दोरी सुटली. त्यावर संस्थाचालकांचे फोटो होते, त्यामुळे ते धावले, पण माझ्या मागून. मी व्यासपीठावर चढून दोरी पकडली आणि निसटू नये म्हणून मनगटाला गुंडाळली. फ्लेक्स फुगला. सलीमभाई ओरडले, "छोडो साब, छोडो!" मी धरून ठेवलं. व्यासपीठ माझ्या पायाखालून निघून गेलं, असं मला वाटलं. प्रत्यक्षात व्यासपीठ होतं तिथंच होतं.

यानंतरच्या तपशिलाबाबत प्रत्यक्षदर्शींत मतभेद आहेत. पत्नीच्या मते मी वीतभर उचलला गेलो. दाजींच्या मते खुर्च्यांवरून गेलो. मृणालचा आवाज मात्र मला स्पष्ट ऐकू आला. "मामा, पाय जुळवा! गुडघे वाकवा!" मी दोन्ही पाय एकमेकांपासून शक्य तितके लांब केले आणि मैदानाच्या कडेला, शेजारच्या शेतकऱ्यानं रचलेल्या कडब्यावर एका घोट्यावर उतरलो. वरून फ्लेक्स आला आणि अंगावर अलगद पसरला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमात उडी ठरलेलीच होती.

मृणालनं फ्लेक्स बाजूला केला, घोटा चाचपला आणि बूट काढू दिला नाही. केशरी नळी आता मोकळी झाली होती आणि खांबावर आडवी, ताठ तरंगत होती. तिनं तिकडे बोट दाखवलं, मी पाहिलं. दाजींनी मला सत्काराच्या शालीत घालून गाडीपर्यंत नेलं. पेढे जाऊबाईंनी हॉस्पिटलच्या बाकावर वाटले.

"कशाचे?" नर्सनं विचारलं.

"पोरगी खाली राहिली, त्याचे," मंदाताई म्हणाली. मग तिनं दोन पेढे एकदम खाल्ले. सकाळपासून तिचा उपास होता, हे तेव्हा कळलं.

ग्रुपवर मात्र अभिनंदनं थांबत नव्हती. एक्स-रेची वाट बघत पडल्या पडल्या मी मजकूर सांगितला आणि मृणालनं तो टाइप केला.

'खुलासा : रविवारी सकाळी या ग्रुपवर प्रसिद्ध झालेल्या बातमीत "माजी विद्यार्थिनी मृणाल" ऐवजी "तिचे मामा", "विमानातून" ऐवजी "व्यासपीठावरून" आणि "मैदानाच्या मध्यभागी" ऐवजी "शेजारच्या कडब्यावर" असे वाचावे. टाळ्यांचा उल्लेख बरोबर आहे. "ती सुखरूप आहे" या वाक्यात बदल नाही.'

त्याखाली मामांविषयीही तसंच एक वाक्य मी आधीच घालून ठेवलं होतं. एक्स-रे आल्यानंतर ते वगळण्यात आलं.