तिसऱ्या झेंड्याखाली

मी शहागडचा. नौदलात भरती झालो आणि थेट एका विनाशिकेच्या बॉयलर खोलीत उतरलो. ते जहाज एका दोस्त देशाने बांधलं, स्वतःच्या लढाईत वापरलं आणि मग आम्हाला दिलं. पुढच्या बाजूला गोळ्याने पडलेलं भगदाड बुजवलं होतं. रंगाखालूनही ते ठिगळ हाताला लागायचं. तिथे किती माणसं मेली होती, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

माझी बरीच नोकरी त्याच जहाजावर झाली. मग सरकारने ते शेजारच्या एका मित्रदेशाला द्यायचं ठरवलं. बंदरात आमचा झेंडा उतरला, त्यांचा चढला. त्यांच्या लोकांना बॉयलर शिकवायला आम्हा काही जणांना मात्र जहाजावरच ठेवलं.

माझ्या जोडीला त्यांचा एक बॉयलरवाला दिला. माझ्याच वयाचा, रुंद खांद्यांचा. भाषा जुळत नव्हती, पण माझ्या पेटीच्या झाकणावर बुद्धाचा फोटो बघून त्याने हात जोडले. आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून बुद्धवंदना होते. ती मी म्हणायला लागलो तर तोही माझ्या बरोबरीने म्हणायला लागला. ते पाली शब्द दोघांनाही पाठ होते. त्यानंतर मोडक्या हिंदीवर आमचं निभून गेलं.

पूर्ण वेगाच्या चाचणीसाठी जहाज समुद्रात गेलं. दुपार होती. अचानक कान फाडणारी किंकाळी सुरू झाली. वाफेची मुख्य नळी फुटली होती. इतकी तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. फक्त आवाज येतो. आमच्या वर चालायची लोखंडी जाळी होती, तिच्यावर त्यांचा एक खलाशी उभा होता. तो वाफेच्या झोतात सापडला आणि जाळीवरून आमच्या पुढ्यात पडला. त्याच्या चेहऱ्यावर कातडी उरली नव्हती. मी त्याला ओढायला वाकलो, तसं माझ्या पाठीवर कोणी उकळतं तेल ओतल्यासारखं झालं. मी तिथेच कोसळलो.

माझा जोडीदार शिडीजवळ होता. त्याला पळून जाता आलं असतं. पण तो उलटा आत आला, वाफ बंद करायच्या व्हॉल्व्हचं चाक उघड्या हातांनी धरलं आणि फिरवत राहिला. हातांची कातडी चाकाला चिकटून निघत होती, तो ओरडत होता, पण चाक सोडत नव्हता. आवाज थांबला तेव्हा तो खालीच बसला.

आम्हाला वर आणलं. तो खलाशी वर येईपर्यंत मेला होता. त्याचे सोबती माझ्याकडे वळले. सडकं जहाज आमच्या गळ्यात मारलं, असं ते म्हणत होते, हे मला नंतर कळलं. एकाने लोखंडी पाना माझ्या डोक्यात घातला. मी पडल्यावर लाथा सुरू झाल्या. भाजलेल्या पाठीवर बूट बसला की डोळ्यांसमोर अंधार यायचा. तेवढ्यात माझा जोडीदार माझ्या अंगावर आडवा पडला. दोन-चार लाथा त्याला बसल्या, त्याचा जबडा फुटला, तेव्हा कुठे ते थांबले.

चौकशीत निघालं की नळीला आतून जुनी चीर होती, बाहेरून ती कोणालाच दिसली नसती. मला माघारी पाठवलं. माझ्या जोडीदाराची बोटं वाकडी झाली ती कायमचीच.

आता तो मला व्हिडिओ कॉल करतो. मागच्या वर्षी त्याने सांगितलं की त्यांच्या नौदलाने जहाज निशाणबाजीसाठी समुद्रात उभं केलंय. ते कसं बुडवलं, त्याची चित्रफीत त्याने पाठवली. ती बघायला मी आणि बायको हायवेवरच्या आमच्या टायरच्या दुकानात बसलो. क्षेपणास्त्र मधोमध लागलं. जहाज दुभंगलं आणि बॉयलर खोलीच्या जागेतून काळा धूर उसळला. माझी पाठ आवळून आली.

बायको म्हणाली, "माणसं खाल्ली त्यानं. बुडालं ते बराबर झालं."

मी जोडीदाराला फोन लावला. ती काय म्हणाली, ते त्याला हिंदीत सांगितलं. 

"वो लड़का जो मर गया," तो म्हणाला, "उसकी माँ अभी भी ज़िंदा है. मैं जाता हूँ उसके पास."

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच त्याला विचारलं, "काय करून राह्यली ती माय? कोण हाय तिला?"

तिची भाषा त्याला येत नव्हती. तरी तो तिला त्या म्हातारीबद्दल सांगत बसला.