टीममधली चौथी

माझी मुलगी वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती. मुकी नव्हती ती. बंद दाराआडून तिचा आवाज पार अंगणातल्या नळापर्यंत यायचा. "अबे मागून ये ना! झाडामागं बसला तो, दिसून नाही राह्यला का तुले?" असं ती कोणाला तरी खडसवायची आणि इकडे कणीक मळता मळता मी जळून खाक व्हायचे. माझ्या वाट्याला "हो", "नाही" आणि "ठेव तिथं" एवढंच यायचं. त्यातलं "ठेव तिथं"सुद्धा चहा नेला तरच.

मुलं गेमपायी बिघडली की आयांना काळजी लागते म्हणतात. मला काळजी नव्हती, हेवा वाटत होता. कोण कुठली हैदराबादची मुलगी, कोण नागपूरचा पोट्टा, ज्यांची तोंडं तिनं कधी पाहिली नाहीत त्यांच्याशी ही तासन्‌तास बोलणार, आणि जिनं हिला पहिला शब्द शिकवला ती दाराला कान लावून उभी! मला तिचं बोलणं तेवढं परत हवं होतं. अकरावीचे मार्क आणि डोळ्यांचा नंबर मग सावकाश पाहता आले असते.

मी पांढरकवड्यात एका सरकारी कार्यालयात काम करते. तिथं फायली हलत नाहीत, पण मुलांवर गेमचे काय परिणाम होतात यावर प्रत्येकाकडे ज्ञान आहे. एकानं सांगितलं, त्याचा भाचा आता भाजी आणायलाही वाकून, भिंतीच्या कडेकडेनं जातो. दुसरीच्या शेजारचा मुलगा म्हणे झोपेत "गोळ्या संपल्या" म्हणून ओरडतो आणि त्याची आजी उठून त्याला लिमलेटची गोळी देते. साहेबांनी मला मोबाइलच्या दुष्परिणामांवरचा एक व्हिडिओ पाठवला. तो इतका लांब होता की संपेपर्यंत माझीच मान आखडली.

घरी नवऱ्याची मदत होण्यासारखी नव्हती. तो महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे घरात त्याचं कोणी ऐकत नाही. "या वयात असंच असते," असं म्हणून तो मोबाइलवरच्या पत्त्यांत डोकं घालायचा. तो गेम नाही म्हणे, तो मेंदूचा व्यायाम. मग सासूबाई आल्या आणि त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. मुलीची नाही, मोबाइलची. मिरच्या विस्तवात पडल्या, धूर झाला, मुलगी ठसकली आणि तेवढ्यात तिकडून तिला कोणीतरी गोळी घातली. ती किंचाळली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ठसका लागला म्हणजे नजर नाही. मशीनच खराब आहे."

असे दिवस चालले असताना गणपती आले. आमच्या गल्लीतलं मंडळ दरवर्षी संगीत खुर्ची आणि रांगोळी ठेवतं. या वेळी पोरांनी मोबाइल गेमची स्पर्धा ठेवली. चौघांची एक टीम. माझ्या मुलीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी चौथी एक गाठली, नाव दिलं, आणि गल्लीतले पोट्टे खो खो हसले. पोरींची टीम म्हणजे पहिल्या मिनिटाला बाहेर, असं त्यांचं म्हणणं. त्यातच चौथीच्या भावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नेमकं स्पर्धेच्या रविवारीच निघालं आणि ती चालली वणीला.

मी स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकत होते. मुलगी दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ चौकटीचा रंग खरवडला आणि मग म्हणाली, "आई, तुह्या मोबाइलमधी जागा किती आहे?"

वर्षभरातलं हे तिचं सर्वांत मोठं वाक्य. मी गॅस बंद केला. जागा अजिबात नव्हती. नातेवाइकांनी पाठवलेल्या सुप्रभातच्या फुलांनी मोबाइल गच्च भरला होता. मी सगळी फुलं पुसून टाकली. त्यात माझ्या भाच्याच्या बारशाचे फोटोही गेले, पण ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तिनं माझं गेममधलं नाव "आई" असं ठेवलं. दुसरं काही सुचलं नसावं. मला मात्र उगीच भरून आलं.

मग माझं शिक्षण सुरू झालं. विमानातून उडी मारायची, घरांत शिरायचं, सापडेल ते हत्यार उचलायचं, आणि आपण सोडून बाकी सगळ्यांना संपवायचं. मला त्या हत्यारांत ओळखीचा एक तवाच दिसला, तो मी उचलला.

"आई, तवा ठेव! बंदूक घे!"

"जड आहे ना बाई ते."

"गेममधी जड नसते काही! झोप आता, झोप! समोर माणूस आहे!"

"मी झोपली तं पोळ्या कोण करन?"

"त्या बाईले झोपव वं माय, तुले नाही!"

ती कपाळावर हात मारून घ्यायची, दात-ओठ खायची, मला वेंधळी म्हणायची. मला तर सण वाटत होता. हो-नाहीच्या पलीकडची वाक्यं माझ्या अंगावर येत होती, आणि त्या आनंदात मी पुन्हा चुकीच्या दिशेला पळायचे.

माझी एक खोड मात्र जाईना. घरात शिरले की बाहेर पडताना मी दार ओढून घ्यायचे. आमच्याकडे दार उघडं टाकलं की कुत्री शिरतात, कधी शेजारची शेळी. मुलगी आधी चिडली, मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. गेममध्ये बंद दार म्हणजे आत अजून कोणी शिरलेलं नाही, सामान जसंच्या तसं आहे, असा अर्थ होतो. त्यामुळे लोक बिनधास्त आत यायचे आणि मुलगी त्यांना जिन्यावरून टिपायची. "आई," ती म्हणाली, "तू फक्त दारं लावत जाय. बाकी काही करू नको." नोकरीत इतक्या वर्षांत मला कोणी इतकं सोपं आणि सन्मानाचं काम दिलेलं नाही.

रविवारी दुपारी मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. समोर पडदा, बाजूला गणपती, आणि माइकवर रोज आरतीला बोलावणारा मुलगा. सगळ्या टीमा मंडपातच, एकमेकांकडे पाठ करून बसल्या होत्या. मी ऑफिसची साडी नेसून गेले होते, कारण स्पर्धेला काय नेसतात ते मला ठाऊक नव्हतं. वयाची अट लिहायला मंडळ विसरलं होतं. अध्यक्ष मला पाहून डोकं खाजवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बसा काकू."

खेळ सुरू झाला. "आई तिसऱ्या घरात शिरली! आईनं दार लावलं! आई चौथ्या घरात!" माइकवरचा मुलगा घसा फोडून सांगत होता. पोट्टे एकेक करून दारं उघडत होते आणि माझी मुलगी त्यांना एकेक करून उडवत होती. हसणारे खुर्च्या पुढे ओढून बसले. शेवटी राहिलो आम्ही दोघी आणि दुसऱ्या टीममधला एक. मुलगी छपरावर दबा धरून होती. तिनं माझ्या कानात सांगितलं, "आता तो तुह्या घरात येईन. तोंडातून शब्द काढू नको. मी वरून पाहून घेतो."

पावलं वाजली. दार उघडलं. भरदुपारी दारात माणूस येऊन उभा राहिला.

आता मला सांगा, आमच्याकडे दुपारच्या वेळी दारात माणूस आला तर बाई काय म्हणते? शिकवावं लागत नाही ते. तोंडातून आपोआप निघतं. माझ्याही निघालं, "कोण आहे? या बाप्पा. जेवले का?"

आवाज सगळ्यांना ऐकू जाणारं बटण माझ्याकडून केव्हा दाबलं गेलं होतं, देव जाणे. ते वाक्य मंडपातल्या मोठ्या स्पीकरवरून गणपतीसकट सगळ्यांनी ऐकलं. आमच्या मागच्या रांगेत दुसऱ्या गल्लीतला एक धिप्पाड पोट्टा खेळता खेळता मागे वळला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी खऱ्या आवाजात म्हणाला, "नाही ना काकू. सकाळपासून काहीच नाही."

तेवढ्यात माझ्या मुलीनं त्याला वरून गोळी घातली.

मंडपात एकच कल्ला झाला. आम्ही जिंकलो होतो. मैत्रिणी नाचायला लागल्या, आणि त्या पोट्ट्याची टीम अध्यक्षांच्या अंगावर धावून गेली. जेवणाचं विचारून फसवलं, हा दगा आहे, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्षांनी नियम वाचून पाहिले. माइकवर शिव्या द्यायच्या नाहीत असं होतं. जेवलात का विचारायचं नाही असं कुठंच नव्हतं. म्हणून त्यांनी निकाल कायम केला.

पण माझं मन मला खाऊ लागलं. तो पोट्टा मान खाली घालून बसला होता, सकाळपासून उपाशी. ज्याला आपण या म्हटलं, जेवले का विचारलं, त्याचं उत्तर पुरतं ऐकूनही न घेता त्याला मारायचं, ही काय रीत झाली? मी उठले. माइक हातात घेतला. कार्यालयात कोणी रांग मोडली की माझा जो आवाज लागतो तो लागला.

"हे बरोबर नाही," मी म्हणाले. "त्या लेकराले मी बोलण्यात गुंतवलं. असं जिंकणं मले नको. पुन्हा खेळा."

आणि पिशवीतला चिवड्याचा डबा काढून मी त्याच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीकडे मी पाहिलं नाही, कारण तिचा चेहरा कसा झाला असेल ते तिच्याकडे पाठ असूनही कळत होतं.

पुन्हा खेळ झाला. चिवडा खाऊन ताजातवाना झालेल्या त्या पोट्ट्यानं पहिली गोळी मला घातली. दुसरी माझ्या मुलीला.

घरापर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली. झालं, संपलं, मी मनाशी म्हटलं. आता "ठेव तिथं"सुद्धा नाही. एका अनोळखी पोट्ट्याच्या पोटासाठी मी माझी मुलगी पुन्हा घालवून बसले होते, आणि वर चिवडाही गेला. मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

दार उघडून आत गेलो तशी ती वळली.

"त्याच्यासाठी उभी राह्यली तू! सगळ्या मंडपासमोर! ज्याचं नाव माहीत नाही तुले!" ती ओरडत होती. "माह्यासाठी कधी उभी राह्यली होती?"

"काय झालं होतं तुले?"

"गेल्या वर्षी महालक्ष्मीच्या पंगतीत काका काय म्हणाले मले? एवढ्या लोकांसमोर? ही पोट्टी गेममधीच वाया गेली, हिले शिकवता कायले, पाहुणे पाहा अन् उजवून टाका. सगळे हसले. तू आत होती, दाराच्या मागंच. ऐकलं तू सगळं, अन् एक शब्द बोलली नाही. मंग मी काहून बोलू तुह्याशी?"

मी तिथंच खाली बसले. काका म्हणजे माझे धाकटे दीर, केळापूरच्या बाजूला त्यांचं कापसाचं शेत आहे. माणूस वाईट नाही, पण पंगत दिसली की त्यांच्या जिभेला हाड राहत नाही. आणि मी खरंच दाराच्या मागे होते. पण त्या दिवशी दाराच्या मागे मी एकटी नव्हते.

"मिक्सर चालू होता वं माय!" मी म्हणाले. "चटणी वाटून राह्यली होती मी! अख्ख्या पंगतीले चटणी कमी पडली होती! आपला मिक्सर लागला की शेजारचे खिडक्या लावून घेतात, मले काय ऐकू येईन?"

सबंध एक वर्ष. गेम नाही, वय नाही, नजर नाही आणि मशीनही नाही. माझी मुलगी आणि मी यांच्यामध्ये वर्षभर तो खडखडणारा मिक्सर उभा होता, आणि मी मात्र हैदराबादच्या पोरीवर जळत बसले होते.

"खरंच नाही ऐकलं?" तिनं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"ऐकलं असतं तं तुहा काका जेवून उठला असता का?"

ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही, दोन्ही एकदमच झालं. मी पदरानं आधी तिचं आणि मग माझं नाक पुसलं. मोबाइल काढला आणि दिरांना लावला.

"बोला वहिनी," पलीकडून आवाज आला. "आज कशी काय आठवण केली?"

मी घसा साफ केला. मुलगी पुढे झाली आणि तिनं स्पीकर चालू केला.