मुंग्या पाहणारे मामा

माझ्या बायकोच्या मामाइतकं दुसऱ्याच्या ताटातलं गोड उभ्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी खाल्लं नसेल, आणि इतक्या धास्तीनं तर कोणीच खाल्लं नसेल. लोक त्यांना हावरट म्हणायचे. मीही म्हटलं आहे, तोंडावर. मी चौथी नापास, हॉटेलवाला माणूस. माझ्याकडं गोड काय ते कढईत असायचं, बोलण्यात कधी आलं नाही. गिरजा, म्हणजे माझी बायको, मागच्या पोळ्याला गेली. तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीच्या दाराशी उभा राहिलो की मला हे मामा आठवतात.

मामा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. उंच, काटकुळे, गळ्यात रुमाल, हातात छत्री. ती छत्री ऊन असो की पाऊस, बंदच. आमचा वऱ्हाड मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या साली ते मारेगावहून बदलून पांढरकवड्याला आले. हैदराबादच्या रस्त्याला माझं हॉटेल होतं, ट्रकवाल्यांसाठी जिलेबी, बालुशाही, भजी, चहा. माल मी स्वतः करायचो, चाखायचोही स्वतः, आणि मी चाखलेलं गिरजा पुन्हा चाखायची. त्यामुळं आम्ही दोघं बाजारातून निघालो की बैलगाडीवाले गाडी बाजूला घ्यायचे.

मामांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, पण जन्माचं वजन विसरत नसत. गेली कित्येक वर्षं ज्या ज्या दवाखान्यात होते तिथल्या प्रत्येक बाळंतपणाचं वजन त्यांच्या डोक्यात होतं. रस्त्यात पोरगं दिसलं की छत्री आडवी घालून विचारायचे, "काय रे साडेनऊ पौंड, दम लागून राह्यला काय पळताना?" शाळेच्या कुंपणाशी उभं राहून पोरांचं हुतूतू पाहायचे, कोण पहिला बसतो, कोण पाण्याला पळतो. एकदा हेडमास्तरांनी पोरं पळवणारा म्हणून त्यांना धरून ठेवलं. आणि कुणाच्या घरी बाई दोन जिवांची आहे असं कळलं की हे तिथं हजर. ओट्यावर बसणार नाहीत, पाणी घेणार नाहीत, सरळ मागच्या दारी न्हाणीजवळ उकिडवे. "अवो, काय सांडलं काय मामा?" असं घरच्यांनी विचारलं तर म्हणायचे, "मुंग्या पाहून राह्यलो." ज्या बाईच्या लघवीला मुंग्या लागतात तिच्या रक्तात साखर, आणि ती साखर पोटातल्या लेकराला पोचते, एवढं साधं ते सांगायचे. पण चांगल्या घरात हे असं बोलतं का कोणी? दोन घरांतून त्यांना पायताण दाखवून काढलं होतं.

आमचं पहिलं मूल झालं तेव्हा मामा मारेगावलाच होते. मुलगा होता. असा बाळसेदार की सुईण म्हणाली, हत्तीचं पिल्लू. सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. दुसऱ्या दिवशी त्याचे हातपाय थरथरायला लागले, तिसऱ्या दिवशी दुपारी कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला तेव्हा तो नव्हता. आठ दिवसांनी मामा भेटायला आले. सगळे मान खाली घालून बसलेले, आणि या माणसानं मला काय विचारावं? "जवाईबापू, न्हाणीत मुंग्या होत्या काय?" मी त्यांची गचांडी धरली होती. सासूबाई मध्ये पडल्या म्हणून वाचले. पण मुंग्या होत्या. रोज असायच्या. गिरजा त्यांच्यावर राख टाकायची.

म्हणून दुसऱ्यांदा गिरजेला दिवस गेले तेव्हा पांढरकवड्याला आलेल्या मामांना बोलवायला मीच गेलो. मनातून टरकलेलो, वरून गुरकावत. "या, पाहा तुमच्या मुंग्या," म्हटलं. त्यांनी पाहिल्या, आणि गिरजेला सोडून पहिल्यानं मलाच जिनिंगच्या आवारात नेऊन कापसाच्या काट्यावर चढवलं. मी अडीच मण भरलो. हमाल खिदळायला लागले. "मामा, माल ओला हाय! पाणी मारून आनला वाटते! वाळवून आना मंग घेऊ!" मी म्हणालो, "पोट तिचं हाय, मले कायले तोलता?" तर मामा म्हणाले, "बीज कोनाचं हाय? माय जाड, बाप जाड, अशा घरचे पोट्टे म्या वीस वर्सं पाह्यले. त्यायची चूल पोटातूनच भडकलेली येते बापा. मंग जलमभर भूक." हेच त्यांनी नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांना कागदावर लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. त्यांच्या दवाखान्यातले डॉक्टर हसून म्हणाले, तुम्ही मिक्श्चर हलवा. मामा मिक्श्चर हलवत राहिले आणि दर मंगळवारी पोस्टात विचारत राहिले.

मग आमच्या घरी त्यांचं राज्य सुरू झालं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, बिनसाखरेचा चहा. संध्याकाळी नदीपर्यंत पायी. पुढं आम्ही दोघं धापा टाकत, मागं मामा छत्री घेऊन, जशा काही दोन म्हशी पाण्यावर नेतात. आणि दर आठ दिवसांनी तपासणी. दवाखान्यातून ते निळं औषध आणत, त्यात गिरजेच्या लघवीचे थेंब टाकून काचेची नळी माझ्याच भट्टीवर धरत, जिलेबीच्या कढईच्या शेजारी. निळंच राहिलं तर देव पावला. हिरवं झालं तर जरा बरं, पिवळं वाईट, आणि विटेसारखं लाल झालं की मामा खालीच बसायचे. पहिल्या दिवशी लालच झालं. एक ट्रकवाला सरदार बाकावरून ओरडला, "सेठ, ये कौन सा शरबत है? एक गिलास इधर भी!" मी हसलो नाही. मी त्या नळीकडं असा पाहायचो, जसा माणूस पुरात नदीकडं पाहतो, की आता कोणत्या पायरीला लागलं.

पण घरात साखर येणं थांबेना, कारण सासूबाई. त्यांच्या हिशेबानं दोन जिवांच्या बाईनं दोघांचं खावं. दर चार दिवसांनी डबा यायचा, सांजोऱ्या, रव्याचे लाडू, तूप वरून ओघळतंय. डबा फेकायचा तर अन्नाचा अपमान, परत करायचा तर बहिणीचा. म्हणून मामा डबा उघडायचे आणि उभ्या उभ्या सगळं खाऊन टाकायचे. माझ्या दुकानातही तेच. गिरजेचा हात बालुशाहीकडं गेला की त्यांचा हात आधी पोचायचा. सासूबाई एकदा अचानक आल्या, तर भाऊ सहावा लाडू तोंडात कोंबतोय.

"काहून रे भोकन्या, लेकरासाठी आनलेलं गिळून राह्यला? लाज नाही वाटत?"

मामांचं तोंड भरलेलं. घास गिळून म्हणाले, "म्या खाऊन नाही राह्यलो बाई. म्या वाट अडवून राह्यलो."

"उपाशी मारशील पोरीले!"

"तिले मारत नाही. तुया लाडवाले मारतो."

सातव्या महिन्यात नळी पहिल्यांदा हिरवी झाली. त्या दिवशी मी ट्रकवाल्यांना फुकट भजी दिली. आणि दोन दिवसांनी सासूबाईंनी डोहाळजेवण घातलं. बायकांनी गिरजेच्या तोंडात काय काय घातलं देव जाणे, तिनंही नको म्हटलं नाही. कित्येक महिन्यांच्या उपासानं आसुसलेली होती बिचारी. पुढच्या तपासणीला नळी विटेसारखी लाल. गिरजा रडायला लागली. मी तिच्यावर ओरडलो, जे मला आजही बोचतं. मामांनी माझा दंड धरला आणि मागच्या ओट्यावर नेलं.

"तिले बोलू नका जवाईबापू," ते म्हणाले. "माह्या घरी तीन झाले. तिन्ही असेच, टरबुजासारखे. लोकं म्हनत, कंपाउंडरच्या घरचं दूध चांगलं दिसते. एकही आठ दिवसांवर राह्यला नाही. तिसऱ्याच्या वक्ती मायही गेली. न्हाणीत मुंग्या येत होत्या. दवाखान्यात लोकायच्या नळ्या तापवत होतो, अन् घरी म्या राख टाकत होतो." मग छत्री उघडली, तोंडासमोर धरली. मी त्यांना छत्री उघडताना तेवढंच पाहिलं.

त्या दिवसानंतर मी दुकानात गोड करणंच बंद केलं. भजी, चहा, चिवडा. ट्रकवाले शिव्या देऊन पुढच्या हॉटेलात गेले. जाऊ द्या म्हटलं. नळी पुन्हा हिरवी झाली, आणि शेवटच्या महिन्यात एकदा तर निळीच राहिली.

बाळंतपण दवाखान्यातच केलं. आत गिरजा कण्हत होती, बाहेर व्हरांड्यात सासूबाईंचा डबा मांडीवर घेऊन मामा एकामागून एक सांजोरी खात होते. आता खायची गरज नव्हती, पण हात थांबत नव्हता. नर्सबाई बाहेर आल्या. मुलगी. सव्वासात पौंड.

"एवढीशीच?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "वाळकी काडी झाली माय!"

दोन दिवस मामा पाळण्यापासून हलले नाहीत. दर दोन तासांनी गिरजेला हलवून उठवायचे, "पाज, पाज. मायची साखर तुटली आता, लेकराले दूध पायजे." तिसऱ्या दिवशी दुपारी जिनिंगचा भोंगा झाला. आम्ही दोघांनी एकदम पाळण्यात पाहिलं. पोरगी जांभई देत होती. मामा उठले, बाहेर गेले आणि पायरीवर बसल्या बसल्या झोपले.

तिला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. "सव्वासात" म्हणूनच. ती शाळेत धावण्यात पहिली आली तेव्हा कुंपणाला धरून असे ओरडले की हेडमास्तर पुन्हा बाहेर आले. पण तोवर मामा जाड झाले होते. गावोगावच्या पोटुशींचं गोड खाऊन अंगावर चढलं होतं. एकदा रात्री आमच्याकडंच मुक्कामाला राहिले. सकाळी मी मागच्या दारी गेलो तर निंबाखाली ते पायानं राख पसरत होते.

मी म्हणालो, "मामा, मुंग्या?"

"गप बसा जवाईबापू. भाचीले सांगू नका."

मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी बोलून टाकणारा माणूस, आयुष्यात एकदाच गप्प बसलो, आणि तेही चुकीच्या वेळी. दोन वर्षांत मामा गेले.

पुढं म्हातारपणी गिरजेलाही साखर लागली. तिनं मात्र राख टाकली नाही. सकाळी न्हाणीतून हसून सांगायची, "अवो, मामा आले जी." मग मी तिची भाकर मोजून वाढायचो आणि आम्ही दोघं नदीपर्यंत जाऊन यायचो, हळूहळू. अशी चौदा वर्षं काढली.

आता मुंग्या येत नाहीत. तरी सकाळी पाणी ओतायच्या आधी मी वाकून न्हाणीतल्या दगडाकडं पाहतो. थोडा वेळ थांबतो. मग पाणी ओततो.