बॅटरीचा आकडा

हे गेल्यापासून मी वस्तीवर एकटी राहते, आणि मुलाला ते कधीच पसंत नव्हतं. मंगळवेढ्यापासून आत, भोवती ज्वारीचं काळं रान, आणि संध्याकाळी वीज गेली की ती कधी येईल याचा भरवसा नाही. ‘अंधारात काही झालं तर कुणाला कळणार? पुण्याला चल,’ हा त्याचा धोशा. पुण्याच्या त्याच्या फ्लॅटमध्ये माझा जीव गुदमरतो. म्हणून मी हट्टाने सोलर बसवायचं काढलं. दिवा आणि पंखा रात्रभर चालला तर मला हलवायचं नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

खरेदीला एकटीच गेले, आणि आमच्याकडचं कुणीही करील तीच चूक केली. विहिरीवरच्या मोटारीला लावतात तसलं थोरलं पॅनल उचललं. घरात जुन्या इन्व्हर्टरची बारा व्होल्टची बॅटरी होतीच. मधला कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत सोडणारी डबी, साधाच घेतला. मोठं आणलं म्हणजे कमी पडायचं नाही, एवढंच माझं गणित. दुकानदारानेही मान डोलावली. त्याला काय, माल खपला!

उन्हाला आमच्याकडे तोटा नाही. तरी उजाडायच्या आत पंखा बंद पडायचा आणि मी घामाघूम होऊन पॅनलच्या नावाने शिमगा करायचे.

मुलाला सांगणं भागच पडलं. वाटलं, आता हा बॅग भरायला लावतो. पण तो पडला इंजिनिअर, त्याला त्या बिघाडाचं वेडच लागलं. रोज दिवस मावळताना डबीवरचा बॅटरीचा आकडा विचारायला त्याचा फोन यायचा.

“आई, किती दाखवतंय गं?”

“बारा पॉइंट दोन.” म्हणजे बॅटरी अर्धीच भरलेली.

“आन् दुपारी?”

मग मी दुपारचं सांगायचे. त्यातच पॅनलवरची धूळ कशी पुसली, शेळीने माझ्या वाळवणात कसं तोंड घातलं, असं काहीबाही निघायचं. तो ऐकायचा. हसायचासुद्धा. त्याचे वडील गेल्यावर आमचं फोनवरचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे सरकलंच नव्हतं. आता मी दुपारपासून त्या डबीपुढे घुटमळायचे, आज काय काय सांगायचं ते मनात जुळवत. खोटं कशाला बोलू, पंखा बंद पडत होता तेव्हा मी सुखात होते.

एका रविवारी तो स्वतःच आला. पॅनलमागचं लेबल वाचून त्याने कपाळावर हात मारला.

“आई, हे चोवीसच्या बॅटरीला लागतंय. तुझी बॅटरी बाराची. ही डबी पॅनलला खाली ओढून बॅटरीच्या व्होल्टवर आणती, वरचं समदं वाया. पेरताना चाड्यात पाटीनं बी ओतलं तर किती आत जाईल, सांग की?”

पेरणीचं निघालं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. चाडं म्हणजे पाभरीवरचं नरसाळं, त्याच्या तोंडात मावेल तेवढंच बी आत जाणार. त्याने नवा कंट्रोलर आणला होता. जादा व्होल्ट वाया न घालवता हा त्याचा करंट करून बॅटरीत भरतो म्हणे. त्याला सिमकार्ड घातलेली एक डबीही जोडली. भाकरी-पिठलं खाल्लं आणि उन्हं कलायच्या आत निघालासुद्धा.

आता पंखा सकाळपर्यंत फिरतो. पुण्याला जायचं टळलं. फोन मात्र आधी दिवसाआड झाला, मग आठवड्याने. घर ओस वाटतं, संध्याकाळ तर खायला उठते. पण ‘तुझी आठवण येते’ असं पोराला सांगायची आमच्यात रीत नाही.

परवा दिवस मावळताना मीच फोन लावला. कंट्रोलरवर बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा समोर दिसत होता, तरी म्हणाले, “आरं, आज बारा पॉइंट दोनच दाखवतंय बघ. बिघडलं काय की.”

“थांब जरा,” तो म्हणाला. मोबाइलवर काहीतरी बघत असावा.

“न्हाय की आई. मला हितं पुण्यात दिसतंय. सिम त्यासाठीच तर बसवलंय. फुल हाय बॅटरी.”

“व्हय का? मग मलाच नीट दिसलं नसंल.”

“चष्मा लावत जा,” तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.