प्रमिलाचे क्वेसार आणि माझं मौन

प्रमिला गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजात प्रयोगवह्या तपासत होते. तिचा धाकटा भाऊ मिलिंद देवळाली कॅम्पाहून बसनं आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का गेली... काल पहाटे." त्याला आता दीड महिना झाला. ती किती हुशार होती, हे सगळ्यांनी लिहिलं. मला तिचा हेवा वाटायचा, हे मलाच लिहायला हवं.

एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर. तिचे वडील तोफखान्याच्या कचेरीत कारकून. दोन खोल्यांत सहा माणसं, तरी पहिली तीच यायची. मी दुसरी. पुढे ती संशोधनाला बाहेर पडली, मी नाशकातच शिकवायला लागले. मला घरून कुणी अडवलं नव्हतं, मीच धजले नाही. म्हणून तर ते जास्त बोचायचं.

ऐंशीच्या सुमारास एकाच क्वेसारच्या, म्हणजे ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या अतिदूरच्या तेजस्वी वस्तूच्या, दोन प्रतिमा आकाशात सापडल्याचं गाजत होतं. दिवाळीला ती आली ती तेच घेऊन. "मधल्या दीर्घिकेनं प्रकाश वाकवला, म्हणून एकाचे दोन दिसतात," ती सांगू लागली. "आता त्या दीर्घिकेतला एखादा तारा एका प्रतिमेच्या वाटेत सरकला, तर तेवढीच प्रतिमा काही महिने उजळेल. उजेड देणारा भाग जितका लहान, तितकी जास्त. क्वेसारच्या पोटातलं कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही गं, पण या चढउतारावरून ते मोजता येईल."

मी "छान" म्हटलं. आणि बोलणं फराळाकडे वळवलं.

पुढच्या वर्षी तिनं लेखाचा खर्डा पोस्टानं पाठवला. सोबत चिठ्ठी, 'तुझ्याइतकं बारीक कुणी तपासत नाही.' चौथ्या पानावर मला चूक दिसली. त्रिज्येच्या जागी व्यास घेतला गेला होता. क्वेसारचा गाभा दुप्पट मोठा निघत होता. मी 'सर्व ठीक' लिहून पाकीट परत धाडलं. भर चर्चासत्रात तिची चूक निघाली, लेख वर्षभर मागे पडला. भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." मी चहा ओतत राहिले.

त्यानंतरही प्रत्येक खर्डा ती मला पाठवायची, अगदी आजारपणातसुद्धा... आणि मी ते इमानानं तपासायचे.

गेल्या रविवारी कॅम्पातल्या घरी जाऊन मी मिलिंदला सगळं सांगून टाकलं.

"अक्काला चर्चासत्रानंतर कळलं होतं, ताई. तुम्ही तिथं पेन्सिलीनं खूण करून खोडली होती. कागद उजेडात धरला की दिसायची."

"मग पुढचे कागद मला का पाठवत होती?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, चूक सापडली ती तिलाच ना? मग दुसऱ्या कुणाकडे कशाला जाऊ?"

खिडकीशी तिचं टेबल अजून तसंच आहे. मिलिंदनं मला तिच्या खुर्चीवर बसवलं. बसले... आणि तिच्या त्या मनाचाही मला हेवा वाटला.