फ्रीजरची वाटणी

"म्याडम, तुमचं सामान उद्या काढून घ्या. फ्रीजर इकायचाय," ढाबेवाला किसन म्हणाला.

टोकावड्याच्या त्याच्या ढाब्यावरचा आइस्क्रीमचा जुना फ्रीजर म्हणजे माझी तिथली प्रयोगशाळा. अख्ख्या हंगामाचं काम त्यात होतं. काम म्हणजे माकडांची विष्ठा, डब्यावर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावून ठेवलेली.

मी न्यूरोसायंटिस्ट. कळपात राहताना प्राण्याच्या मेंदूत आणि शरीरात काय घडतं, हा माझा विषय. टेन्शन आलं की रक्तात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं. त्याचे अंश विष्ठेत उतरतात. त्यामुळे माकडाला सुई टोचावी लागत नाही, नुसतं मागे फिरावं लागतं.

एसटीडी बूथवरून मुंबईला माझ्या गाइड सरांना फोन केला. वितळलं तर काय, असं त्यांनी विचारलं. सगळं फुकट, मी म्हटलं. मग वितळू देऊ नका, असा सल्ला देऊन त्यांनी फोन ठेवला.

वडील गेल्यापासून गल्ल्यावर कोणी बसायचं, यावरून किसन आणि त्याचा धाकटा भाऊ बबन यांचं वाजलं होतं. आता वाटणीच करायची ठरली. भट्टी एकाला, टेबलं दुसऱ्याला, फ्रीजर विकायचा.

मी दोघांना समजवायला बसले. बबनने मध्येच विचारलं, माकडांत काय निघालं? मी सांगितलं, कळप शांत असेल तर म्होरक्या मजेत असतो. पण वरच्या जागेवरून मारामाऱ्या चालू असल्या की सगळ्यात जास्त टेन्शन त्यालाच. इथून आधी मुंबईला पाठवलेले नमुने तेच सांगत होते.

किसनला बीपीची गोळी चालू होती.

"मंग तूच बस गल्ल्यावर," तो बबनला म्हणाला.

"नाय दादा. तू मोठा हायेस."

दुसऱ्या दिवशी दोघंही भट्टीपाशी. गल्ल्यावर कोणीच नाही, आणि जेवून उठलेली माणसं पैसे हातात धरून उभी. शेवटी त्यांची आई पदर खोचून आली आणि गल्ल्यावर बसली. मुलांना भाकऱ्या थापायला लावलं, वाटणी मोडीत काढली. मला म्हणाली, "तुमचं ते ऱ्हाऊ दे तितंच."

नमुने गोठलेले मुंबईला पोचले. सरांनी त्याचं श्रेय स्वतःच्या सल्ल्याला दिलं.

हल्ली विद्यार्थ्यांना फील्डवर पाठवताना मी एकच सांगते. फ्रीजर मागायचा तर मुलांकडे नको, त्यांच्या आईकडे मागा.