हरिबाचं उजवं मडगार्ड

हरिबाशी माझं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की आम्ही गळ्यात गळे घालून फिरणारे दोस्त होतो. कासुर्डीजवळ सोलापूर रस्त्याला लागून आमच्या दोन शेड आहेत, मधे पत्र्याची एकच भिंत. अलीकडे तो गाड्यांचा पत्रा ठोकतो, पलीकडे मी रंग मारतो. डेंटर आणि पेंटर यांचं कुठंच पटत नाही. डेंटरनं ठेवलेले खड्डे पेंटरनं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायचे आणि गाडी चकाचक झाली की गिऱ्हाइकानं पाठ थोपटायची ती डेंटरची, असा हा धंदा. हरिबाची गोष्ट तर त्याहून वाईट. तो खड्डे ठेवायचाच नाही. मग भांडायला तरी काय उरतं? तरीही मी काहीतरी शोधून काढायचोच.

तरुणपणी तो पाबळला जाऊन वेल्डिंग शिकला, मग पुण्यात बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात राहिला आणि शेवटी इथं रस्त्यावर येऊन बसला. नुसत्या सपाट पत्र्यातून तो गाडीचा कुठलाही भाग उभा करायचा. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा, लाकडी मोगरीनं ठोकून त्याला पोट काढायचं, मग खाली लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडीनं एकेक उंचवटा बसवायचा. खरं काम त्यानंतरचं. हातोडी बाजूला ठेवून तळवा फिरवायचा. ठोकलेला पत्रा धुरकट असतो, डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. घासून चकचकीत केला की सगळं दिसतं, पण तेव्हा पत्रा पातळ झालेला असतो, दुरुस्त करायला गेलं की ताणतो. म्हणून कुठं वर आहे आणि कुठं खाली, हे आधी तळव्यालाच कळावं लागतं. हरिबा डोळे मिटून हात फिरवायचा आणि केसाएवढा उंचवटा लागला की थांबायचा. त्या वेळी कुणी बोललेलं त्याला खपत नसे. मी मुद्दाम बोलायचो.

कारेगावच्या सुदर्शनला कुणीतरी त्याचं नाव सांगितलं. सुदर्शनचा रांजणगावच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा छोटा कारखाना आहे. माणूस चांगला, फक्त जुन्या गाड्या म्हटलं की डोकं फिरतं. त्यानं ट्रकवर घालून एक अमेरिकन गाडी आणली, एकोणसत्तर सालची, दोन दारांची, लांब नाकाची. असल्या दांडग्या इंजिनाच्या गाडीला मसल कार म्हणतात, हे मला त्यानं सांगितलं. पण दांडगेपणा सगळा गेला होता, मागची दोन्ही मडगार्डं गंजानं चाळणी झाली होती. सुदर्शनला ती नवी हवी होती आणि मूळच्यापेक्षा रुंद, म्हणजे आत जाडजूड टायर बसतील. असली मडगार्डं कुठं विकत मिळत नाहीत, हातानंच करावी लागतात. वर त्याची आणखी एक तऱ्हा होती. गाडीला रंग नको. नुसता ठोकलेला, घासलेला पत्रा दिसला पाहिजे, वरून फक्त पारदर्शक लॅकर.

मला हा सरळसरळ अपमान वाटला. रंगच नको तर पेंटरला कशाला बोलवायचं? हरिबाचा चेहरा मात्र असा काही फुलला की माझं पुढचं बोलणं तोंडातच राहिलं. जन्मभर त्याचं काम माझ्या रंगाखाली गाडलं गेलं होतं. लोक गाडीकडे बघून ‘काय रंग मारलाय’ म्हणायचे आणि हा बाजूला हात पुसत उभा. आता पहिल्यांदाच त्याचा पत्रा उघडा दिसणार होता. साठी उलटली होती. मुलगी तेजश्री हडपसरहून रोज फोन करायची, शेड बंद करा आणि दोघं इकडे या. त्यानं तिला सांगून टाकलं की एवढी गाडी करतो, मग बघू. म्हणजे ही गाडी त्याची शेवटची होती आणि हे त्याला, मला, सगळ्यांना ठाऊक होतं. चूक झाली तर झाकायला रंग नाही आणि भरायला लांबीही नाही.

डावं मडगार्ड झालं. मी ते घासून काढलं आणि शेडच्या तोंडाशी ठेवलं, तर समोरचा विजेचा खांब त्यात सरळ उभा दिसला. पत्र्यात प्रतिबिंब वाकडं झालं नाही की समजायचं, काम झालं. मी मनातल्या मनात हात जोडले.

मग उजवं आलं. तेही घासलं, ठेवलं, आणि बघतो तर खांब दारू पिऊन घरी निघाल्यासारखा. मी चक्रावलो. हरिबाच्या हातून असलं काम? आठवडाभरापूर्वी तो माझ्या लॅकरला ‘पाणी’ म्हणाला होता आणि त्यावरून आमची चांगलीच जुंपली होती. मी सरळ हिशेब मांडला की हा मुद्दाम करतोय, लाट दिसली की लोक म्हणतील लॅकर ओघळलं. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. हरिबानं त्या मडगार्डाकडे बराच वेळ बघितलं, कात्रीनं त्याचे तुकडे केले आणि भंगारात टाकून नवा पत्रा काढला. दुसरंही तसंच निघालं. मग मी त्याची बायको आक्काबाई, तिच्यामार्फत निरोप धाडला, की वहिनी, तुमच्या मालकांना म्हणावं डोळे तपासून घ्या. ती ‘बरं भावजी’ म्हणाली आणि निघून गेली.

तिसऱ्या मडगार्डाच्या वेळी मी भिंतीपलीकडे डबा खात होतो. गॅसचा फसफसाट थांबला आणि जरा वेळानं मांस जळल्यासारखा वास आला. वेल्डिंगच्या शेडमधे नाना वास येतात, पण हा वेगळा होता. उठून गेलो तर हरिबा नुकत्याच जोडलेल्या सांध्यावर तळवा टेकवून, डोळे मिटून उभा. पत्रा अजून तापून निळा होता. मी त्याचा हात धरून ओढला, तर कातडीचा तुकडा पत्र्यावरच राहिला. तो दचकला तो मी ओढलं म्हणून. मग स्वतःच्या तळव्याकडे तो असा बघायला लागला, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

त्याला पाण्याच्या बादलीशी बसवलं, हात बुडवला, तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. साखर वाढलेली होतीच. आधी पायाची बोटं बधिर झाली, मग दोन्ही हातांची, आणि आता दोन्ही तळवे. डावं मडगार्ड केलं तेव्हा निम्मा जीव तरी होता त्यांच्यात.

“खंडू, हाताला कायच कळंना रं,” तो म्हणाला. “खाली पत्रा हाय का हवा हाय, त्ये बी न्हाई.”

मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच्या दुप्पट माझा स्वतःचा. आणि रडूही आलं. ते मी बादली ओतायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उरकलं. परत आलो तर त्याचं एकच म्हणणं, आक्काला सांगू नको. ती उद्याच्या उद्या शेडला कुलूप घालील आणि हडपसरला नेऊन बसवील, मग हे मडगार्ड असंच राहील.

मी म्हणालो, माझा हात घे. दोन दिवस आम्ही तो प्रयोग करून पाहिला. मी हात फिरवून सांगायचो, हा ठोकायचा, आणि काम आणखी बिघडायचं. मी लांबी भरणारा माणूस. मला खड्डा झटकन कळतो, उंचवटा काही केल्या कळत नाही. त्यावरून पुन्हा भांडण. हरिबा म्हणाला, तुझ्यापेक्षा माझा मेलेला हात बरा.

त्या संध्याकाळी आक्काबाई नेहमीसारखी आली. उघड्या पत्र्याला घामाची बोटं लागली की सकाळपर्यंत गंज चढतो. म्हणून ती रोज दिवेलागणीआधी येऊन जुन्या लुगड्याचं तेलकट फडकं सगळ्या पत्र्यांवरून फिरवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हे तिचं काम होतं. नवऱ्याच्या हाताला गुंडाळलेलं फडकं तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, चटका बसला जरासा.  आता ती मडगार्डावरून फडकं फिरवायला लागली आणि एका जागी थांबली.

“हितं वर हाय,” ती म्हणाली. “आन् हितं वाईच खाली. पयल्या दोन्हीला बी हितंच हुतं.”

हरिबा तिच्याकडे बघतच राहिला. मी आपला तिथं नसल्यासारखा भिंतीला टेकून उभा. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. यवतच्या बाजारातून हा एका पायात चप्पल घालून घरी आला होता, दुसरी कुठं गळाली याचा याला पत्ताच नव्हता, तेव्हाच तिला कळलं होतं. चहाचा कपही हा आता भलत्याच मुठीत धरायचा. तिला वाटलं होतं, आज सांगेल, उद्या सांगेल. याला लपवायचंच आहे असं दिसल्यावर तिनंही झाकून ठेवलं. दोघं एका घरात राहून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते, आणि मी शहाणा लॅकरवरून रुसून बसलो होतो.

“सांगितलं आसतं तर शेडला कुलूप घातलं आसतंस,” हरिबा म्हणाला.

“घातलं आसतं,” ती म्हणाली. मग फडक्याची घडी घालत म्हणाली, “पर आता न्हाई घालत. ह्ये पुरं करा आधी.”

मी मधेच तोंड घातलं, की वहिनी, भाकरी थापणारा हात तो, त्याला कळणारच. तिनं मला झटकून टाकलं. म्हणाली, भाकरीचं काय घेऊन बसलात भावजी, यांनी केलेला एकेक पत्रा या हाताखालून गेलाय. ते मला इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहून सुचलं नव्हतं.

तिसरा पत्रा माझ्या कृपेनं वाया गेलेलाच होता. चौथा काढला. दुपारची कामं आवरून आक्काबाई यायची, स्टुलावर बसायची, फडक्याखाली तळवा फिरवायची आणि बोट ठेवायची. वर. खाली. अजून वर. हरिबा बांधलेल्या हातात ठोकळा धरून दुसऱ्या हातानं ठोकायचा. ठोके हलके, जपून. मी काही बोलायला गेलो तर आता दोघंही गप्प बस म्हणायचे. मधूनच ती त्याच्यावर डाफरायची, की तिथं नाही हो, अलीकडं, जन्मभर माझं ऐकलं नाही, आता तरी ऐका. आणि तो हसायचा. हरिबाला काम करताना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ती त्याच्या तळव्याला मलम लावायची. साखरेमुळं जखम भरायला फार दिवस घेत होती, पण मडगार्डाला घाई नव्हती आणि त्या दोघांना तर मुळीच नव्हती, असं मला वाटतं.

शेवटी मी ते घासायला घेतलं.  शेडच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. तिघंही वाकून बघायला लागलो. खांब सरळ होता. आक्काबाईनं पदरानं तोंड पुसलं. हरिबा तिथंच जमिनीवर बसला. मी लॅकर मारलं, इतकं जपून की आयुष्यात कधी मारलं नसेल, आणि हरिबा या वेळी त्याला ‘पाणी’ म्हणाला नाही.

सुदर्शन गाडी न्यायला आला. दोन्ही मडगार्डांभोवती फिरला, बसून बघितलं, उभं राहून बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं विचारलं, मामा, यातलं आधीचं कुठलं?

“डावं म्या केलं,” हरिबा म्हणाला. “उजवं हिनं.”

सुदर्शन हसला, त्याला ती थट्टा वाटली. आक्काबाई लाजून म्हणाली की काहीतरीच काय, हातोडी त्यांचीच होती. गाडी ट्रकवर चढली, उन्हात चकाकत पुण्याच्या दिशेनं गेली. हरिबा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं हत्यारं पुसून ठेवली आणि शेडला आपल्या हातानं कुलूप लावलं.

हाताची पट्टी बदलायला दोघांना यवतला जायचं होतं आणि यवतची गाडी रस्त्याच्या पलीकडून मिळते. दुभाजकात तोडलेली जागा आहे, तिथून ओलांडावं लागतं. कंटेनर नुसते धडधडत जातात, म्हणून मीही त्यांच्याबरोबर कडेपर्यंत गेलो. आमच्याकडं नवरा चार पावलं पुढं आणि बायको मागं, हाच रिवाज. हरिबाही जन्मभर तसाच चालला. त्या दिवशी तो थांबला आणि बऱ्या हातानं त्यानं आक्काबाईचा हात धरला. त्या हातालाही कळत नव्हतंच. त्यानं इतका करकचून धरला होता, की तिची बोटं पांढरी पडली होती आणि बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

“नीट धरलाय का गं?” त्यानं विचारलं. “घट्ट हाय का सैल, मला समजंना.”

आक्काबाईनं त्या हाताकडे एकदा बघितलं.

“सैल हाय वाईच,” ती म्हणाली. “आजून घट्ट धरा.”